श्रावणातल्या कोंबड्या

आमच्या आप्पांकडे मुक्कामाला जायचे तर पांघरूण आपले आपण न्यावे लागते. पौषातली थंडी असो, घरात सात गोधड्या असोत, वीज गेली की त्या सातही कोंबड्यांच्या अंगावर जातात. कोंबड्या जिवंत नसतात. सोललेल्या, तुकडे केलेल्या, दुधाच्या पिशव्यांत बांधलेल्या आणि डीप फ्रीझरमध्ये दगडासारख्या गोठलेल्या. आतला गारवा बाहेर जाऊ नये म्हणून आप्पा फ्रीझरला गोधड्या गुंडाळतात आणि वरून सुतळी बांधतात. भारनियमन रोजचेच, त्यामुळे हा सोहळाही रोजचाच. एकदा मी कुडकुडत म्हणालो, "आप्पा, एक तरी गोधडी द्या."

"मास्तर, तुमी जित्तं हाय, तुमाला अंगची ऊब हाये," आप्पा म्हणाले. "त्यांचा गारवा ग्येला तर मी परत कुटनं आनू?"

आप्पा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. डिंगोऱ्यात त्यांची शेती आहे. मी मंचरला शाळेत मराठी शिकवतो. अक्का गेली त्याला दोन महिने झाले. तिच्याविषयी चार ओळी लिहाव्यात म्हणून रोज बसतो आणि कागदावर हे गृहस्थ येऊन बसतात. ती होती तेव्हाही असेच व्हायचे. मी बहिणीशी दोन शब्द बोलायला जायचो आणि आप्पा हातात कोंबडी घेऊन मध्ये यायचे.

फ्रीझर त्यांनी नारायणगावच्या एका बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातून आणला. त्याच्या अंगावर अजून आंब्याच्या कोनाचे चित्र आहे. सुरुवातीला गल्लीतली पोरे "आप्पा, कुल्फी" म्हणून यायची. आप्पा झाकण उघडून त्यांना आत दाखवायचे. पोरे पुन्हा आली नाहीत.

खरेदी वर्षातून एकदाच, श्रावणात. कारण साधे आहे. श्रावणात कुणी कोंबडी खात नाही, शेडवाल्यांकडे पक्षी तुंबतात आणि कोणी नेले तर ते उपकार मानतात. श्रावण लागला की आप्पा टेम्पो घेऊन पिंपरी पेंढारला जातात आणि तीस पक्षी आणतात. सगळे जग ज्या महिन्यात सुरी धुऊन ठेवते त्या महिन्यात हे सुरीला धार लावतात. स्वतः मात्र श्रावण कडक पाळतात. दिवसभर कोंबड्या कापायच्या आणि संध्याकाळी आंघोळ करून भगर खायची, यात काही विसंगत आहे असे त्यांना कधी वाटले नाही.

"आवं, आज सोमवार हाये," अक्का म्हणायची.

"सोमवार खानाऱ्याला अस्तो. ठिवनाऱ्याला न्हाई."

तुकडे केलेले चिकन त्यांना चालत नाही. पक्षी आख्खाच पाहिजे. "दुकानवाला कापून देतो तवा चांगलं कुनाला आन् तुमाला काय देतो, ह्ये तुमाला कळतं का, मास्तर?" मला कळत नाही, आणि कळून घ्यायची इच्छाही नाही. पण ऐकावे लागते. गरम पाण्यातून काढायचे, पिसे उपटायची, आतले सगळे साफ करायचे, हळद-मीठ लावून धुवायचे. इथवर हे जगातल्या कोणत्याही कोंबडीचे प्राक्तन आहे. आप्पांचे पांडित्य यापुढे सुरू होते. पाणी पूर्ण निथळले पाहिजे. पाणी राहिले की बर्फ, बर्फ झाला की चव गेली. म्हणून ते तीसच्या तीस कोंबड्या अंगणातल्या कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून उलट्या टांगतात. एका टोकाला अक्काचे पातळ, दुसऱ्या टोकाला माझा टॉवेल आणि मध्ये ही पताका. एका वर्षी लेण्याद्रीचे दर्शन घेऊन परतणारे एक ओळखीचे कुटुंब चहाला थांबणार होते. ते फाटकातूनच नमस्कार करून गेले.

मग तुकडे, मग पिशव्या, मग हवा. "हवा म्हंजी दुस्मान," असे आप्पा दिवसातून दहा वेळा म्हणतात. पिशवीतली हवा काढण्यासाठी ते रिकाम्या पेनाची नळी तिच्या तोंडात घालतात, गाल आत जाईपर्यंत ओढतात आणि चपळाईने गाठ मारतात. साठ वर्षांचा माणूस अंगणात बसून कोंबडीची हवा पितो आहे, हे दृश्य मी दरवर्षी पाहिले. एवढे करून त्या कालवणाला चव येते ती ओल्या पुठ्ठ्याची. तसे कोणी म्हणायची सोय नाही. म्हणालेच तर आप्पा शांतपणे विचारतात, "तुमी जीभ कुठं ठिवली व्हती?"

अक्का हसून घ्यायची. "ह्यांनी मला कंदी थंड हवेच्या ठिकानी न्येलं न्हाई," ती म्हणायची, "पन कोंबड्यांची हौस भागिवली." गावात त्या फ्रीझरला शवागार म्हणत. मीही म्हणत असे, आणि माझ्या विनोदावर स्टाफरूम हसत असे.

यंदाच्या श्रावणात अक्काला ताप आला. मी भेटायला गेलो तर ती आत खाटेवर आणि अंगणात तीस कोंबड्या दोरीवर. आप्पा तिच्या कपाळावर पट्टी ठेवायचे, बाहेर जाऊन दोन पिशव्या बांधायचे, पुन्हा आत यायचे. चार दिवसांनी ती दवाखान्यात गेली. तिथून आणली ती आडवीच.

सुतकाच्या घरात माणसे येत होती. पडवीतून आत जावे लागे आणि पडवीत तो फ्रीझर घरघरत होता. बायका पदर नाकाला लावून त्याच्याकडे पाहत. वास येत नव्हता, पण पदर लावत. मंदा आणि सुनीता या माझ्या दोन्ही भाच्या आत बसलेल्या, त्यांना सगळे ऐकू जाई. एक म्हातारी मोठ्याने म्हणालीच, "मेल्या घरात आनखी तीस मढी."

दशक्रियेच्या आदल्या दिवशी दुपारी मी आप्पांना गाठले. ते झाकण उघडून फ्रीझरपुढे उकिडवे बसले होते, पिशव्या वर-खाली करत.

"आप्पा, हे आजच्या आज कुठेतरी नेऊन टाका. उद्या पाहुणे येतील. माझ्या बहिणीच्या दहाव्याला हे घरात नको."

"न्हाई."

"लोक काय म्हणतात ते ऐकलंत का?"

"लोकांचं सोडा. आतल्या बाया काय म्हंत्यात ते ऐकलं," आप्पा म्हणाले. "आई ग्येली, आता पोरींचं म्हायार संपलं म्हंत्यात."

ते पिशव्या लावतच होते.

"भाकर मला थापता येत न्हाई, मास्तर. पिठल्यात गुठळ्या व्हत्यात. परवा च्या क्येला, तर मंदीनं माज्या पाठीमागं वतून दिला. दोघींना भाऊ न्हाई. दिवाळीला त्या कुनाकडं येतील? निस्त्या बापाकडं? आन् आल्याच, तर म्या त्यांच्या फुडं काय ठिवायचं? मला ह्येवढं एकच जमतं." त्यांनी एक ढीग माझ्याकडे सरकवला. "ह्या मंदीच्या तंगड्या. ह्ये कालीज, सुनीच्या पोराचं. त्ये दुसरं कायबी खात न्हाई."

कोपऱ्यात आणखी पाच-सहा पिशव्या वेगळ्या होत्या. तुकडे बारीक, एकसारखे.

"आणि या?"

"तुमच्या. बिनहाडाच्या."

"माझ्या?"

"तुमी पुस्तकात तोंड घालून जेवता. हाड घशात जायचं एखांद्या दिशी." ते माझ्याकडे पाहत नव्हते. "हायेतच की दरवर्षी. येगळ्या बांधाव्या लागत्यात."

वीस वर्षे मी त्या घरी जेवलो. माझ्या वाटीत कधी हाड आले नाही. ती माझ्या बहिणीची माया, असे मी धरून चाललो होतो. कधी विचारले नाही, आणि तिनेही कधी सांगितले नाही.

"आता ती न्हाई म्हनल्यावर तुमी कशाला येताय," आप्पा म्हणाले. "पन ती व्हती तवाच बांधून ठिवल्या व्हत्या. टाकवंना."

मी पिशव्या उचलून आत ठेवायला लागलो. हाताला चटके बसावेत इतक्या गार होत्या. काहीतरी बोलायला हवे होते, म्हणून विचारले, "किती दिवस टिकतात या?"

"सा म्हैनं," आप्पा म्हणाले. "पन तेवढं लांबवू नका."