शेकरूबाईंनी अंथरूण धरलं

एका जंगलात, मुलांनो, एक सरकारी दवाखाना होता. सरकारी म्हणजे सिंहाचा. तिथे शेकरूबाई नर्स होत्या. नियम असा, की बदली नर्स आल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही. आणि बदली नर्स घोरपडबाई तर केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या. चिकटून राहण्यात घोरपडीचा हात कोण धरणार? पण तीसुद्धा टिकली नाही, यावरून काय ते समजा.

शेकरूबाईंच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा तर अस्वलाचा डोस सशाला देता देता राहिल्या. ससा वाचला, पण बाईंचा हात थरथरायचा थांबेना. आज ना उद्या आपल्या हातून कुणीतरी मरणार, अशी धास्तीच त्यांनी घेतली.

अधीक्षक कोल्होबा राउंडला आले तेव्हा बाई म्हणाल्या, "साहेब, मला झोप हवी. दुसरी नर्स नेमा, नाहीतर एखाद्याचा जीव जाईल."

कोल्होबांचे डोळे पाणावले. त्यांचे डोळे फार स्वस्त होते. "बाई, तुम्ही स्वतःवर प्रेमच करत नाही. थांबा, शिबिर ठेवतो."

नर्सला पैसा नव्हता, शिबिराला होता. मोठे झालात की कळेल.

शिबिर वॉर्डातच भरलं. शिकवायला मोर आला. उभ्या जन्मात त्याने कुणाचं बेडपॅन उचललं नव्हतं, पण पिसारा झकास होता.

"स्वतःला मिठी मारा," मोर म्हणाला. बाईंनी एका हाताने मारली. दुसऱ्या हातात सलाइनची बाटली होती.

"आता सांगा, रोग्याशी कशा वागता?"

"नाडी बघते. जास्त असेल तर झोपवते. बरा होईस्तोवर उठू देत नाही."

"मग स्वतःशीही तसंच वागा." कोल्होबांनी टाळ्या वाजवल्या.

बाई कामात चोख. त्यांनी स्वतःची नाडी धरली. "अगं बाई, इतके दिवस अंगावर काढलंस होय?" असं स्वतःलाच खडसावलं आणि रिकाम्या खाटेवर पांघरूण घेऊन आडव्या झाल्या.

"हे काय? उठा," कोल्होबा कुजबुजले. "महाराज येताहेत. पंजात काटा गेलाय त्यांच्या."

"झोपलेल्या रोग्याला उठवू नये, साहेब," पांघरुणातून आवाज आला.

महाराज डरकाळ्या फोडतच आले. कोल्होबांनी मोराला पुढे ढकललं. मोर म्हणाला, "महाराज, डोळे मिटा. दीर्घ श्वास घ्या. काट्याला माफ करा."

महाराजांनी डोळे मिटले. पुन्हा उघडले तेव्हा शिबिर संपलं होतं. वॉर्डभर पिसं उडत होती.

कोल्होबा समजायचं ते समजले. घोरपडबाई त्याच दिवशी दुप्पट पगारावर परत आल्या आणि त्यांनी काटा काढला. शिबिर फार परिणामकारक झालं, असं कोल्होबांनी वर कळवलं. शेकरूबाई घोरत होत्या. त्यांचा हात उशाखाली अगदी स्थिर होता.

तात्पर्य : मुलांनो, सेवा करताना दमू नये. दमलेल्याला शिबिर मिळतं, आजाऱ्याला खाट. म्हणून शहाण्याने सरळ आजारीच पडावं.