मोंबासाचे पेढे

देवळातल्या शेवटच्या माणसाच्या हातावर पेढा ठेवून काशीराम भुवड पायरीवर टेकले, आणि तेव्हा कुठे मोबाइलला रेंज आली. लेकीचा निरोप होता. "बाबा, मोंबासा रद्द. वाटेत वादळ आहे, म्हणून जहाज मॉरिशसकडे वळवलंय. पोचायला वेळ लागेल. मी मजेत. काळजी नको."

काशीरामांनी निरोप पुन्हा वाचला आणि पेढ्यांचा रिकामा बॉक्स घाईघाईने बंद केला, जणू आत अजून काही लपवायचं होतं.

मृणाली रत्नागिरीला मासळीचं शास्त्र शिकणारी. परदेशातल्या एका विद्यापीठाच्या जहाजावर शिकायला तिची निवड झाली. वर्ग जहाजावरच, आणि बंदर लागेल तिथे उतरून अभ्यास. काशीरामांचा जन्म गेला बसस्टँडवरच्या कंट्रोलरच्या खिडकीत. फळ्यावरची वेळ म्हणजे वेळ. गावच्या उत्सवाच्या पहिल्याच दिवशी त्यांनी बाबल्या गुरवाकडून केदारलिंगासमोर गाऱ्हाणं घालून घेतलं, "पोरगी शुक्रवारी मोंबासा बंदराला सुखरूप लागू दे रे म्हाराजा!" सगळा गाव एका सुरात "होय म्हाराजा!" म्हणाला. शुक्रवार उजाडला. पोरीचं अक्षर नाही. पण वेळापत्रकात शुक्रवार होता आणि देवाला सांगून झालं होतं. काशीरामांनी पेढे आणून "लागली! मोंबासाला लागली!" अशी घोषणाच केली.

"तिचा फोन तरी येऊ द्यायचात," त्यांच्या बायको येसूबाई म्हणाल्या. "आता जावा नि सांगा सगळ्यांना."

"काय सांगू? पेढे परत द्या म्हणून?"

"गावाला नका सांगू. देवाला तरी सांगा! पोर वादळात, नि देव बसलाय मोंबासाला तिची वाट बघत!"

हे मात्र काशीरामांच्या काळजाला लागलं. ते तडक गाभाऱ्याशी गेले. बाबल्या समईची वात सारखी करत होता. सगळं ऐकून त्याने कपाळावर हात मारला.

"अण्णा, गाऱ्हाणा बदलता येतो. पण गुपचूप नाय येत. होय म्हणायला गाव लागतो."

"हळूच घाल ना. मी एकटा म्हणतो होय."

"तुमी म्हंजे गाव?"

उद्या संध्याकाळी गावासमोर कबूल करायचं नि मगच नवं गाऱ्हाणं, असं ठरलं. पण मध्ये त्या रात्रीचं कीर्तन होतं.

कीर्तन म्हणजे काशीरामांचा जीव. कीर्तनकार रेणुकाताईंनी टाळ उचलला की ते डोळे मिटायचे आणि आरतीलाच उघडायचे. त्या रात्री मात्र त्यांना एक ओळ गोड लागेना. उत्तररंगात ताईंनी कुण्या भक्ताची बुडती नाव तारली, आणि पाठोपाठ म्हणाल्या, "जुन्या काळात कशाला जायचं? याच गावची लेक! देवाला तारीख सांगितली, आणि तारखेला जहाज बंदराला!" झांज कडाडली. सगळ्या माना काशीरामांकडे वळल्या. काशीराम पेटीवाल्याच्या आड सरकले.

तेवढ्यात बायकांतून हौसाकाकी उठून बाहेर गेल्या. त्यांचा हर्षद मोंबासाला एका हॉटेलच्या भटारखान्यात कामाला. पोरगा गुणी, पण आईला फोन करायचं त्याच्या कधी ध्यानात राहायचं नाही. काकी देवळाच्या आवारातूनच त्याला ओरडत होत्या, "अरे, आपली मृणाली आलीय तिथं! बंदरावर जा! वडे करून ने!"

"मेलो," काशीराम पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी गाऱ्हाण्याच्या वेळी देऊळ भरलेलं. काशीराम उभे राहिले. तिथे मोंबासाच्या उन्हात हर्षद डबा घेऊन उभा राहिला असणार, हे रात्रभर त्यांच्या डोळ्यांपुढून हललं नव्हतं.

"मंडळी, माझी चूक झाली. मृणाली मोंबासाला…"

"आता मी सांगतंव!" हौसाकाकी उठल्याच. तोंडावर नुसता आनंद. "हर्षदचा फोन आला! आपणहून केलान! मृणाली भेटली त्याला! सगळे वडे खाल्लान, नि आईच्या आठवणीनं रडली म्हणं! माझा पोर किती येळ बोलला माझ्याशी!" काकींनी पदराने डोळे पुसले.

काशीरामांना सारं उमगलं. बंदरावर कुणी गेलंच नव्हतं, वडेही झाले नव्हते. आईला बरं वाटावं म्हणून पोराने थाप मारली होती. आता खरं बोलावं, तर आपली लाज एकट्याची राहत नव्हती. सगळ्या गावासमोर काकींच्या डोळ्यांतलं ते पाणी आटवावं लागणार होतं.

"भावजी, वडे कसे झाले म्हणाली ती?" काकींनी विचारलं.

काशीरामांनी देवाकडे पाहिलं. मग पटकन दुसरीकडे पाहिलं.

"मऊ," ते म्हणाले. "अगदी मऊ."

"माजीच पद्दत ती!"

येसूबाई मागून कुजबुजल्या, "आता हो?"

"बाबल्या, घाल गाऱ्हाणं," काशीराम खाली बघत म्हणाले. "मोंबासा… झाला. पुढचं बंदर मॉरिशस."

बाबल्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की काशीरामांना पायाखालची फरशी उचलून आत शिरावंसं वाटलं. पण त्याने गाऱ्हाणं घातलं, चांगलं खणखणीत. गाव "होय म्हाराजा" म्हणाला. पोरीची सोय लागली. काशीरामांच्या छातीवरचं एक ओझं उतरलं आणि तिथेच दुसरं बसलं.

त्या रात्री त्यांना देवासमोर बसवेना. ते मागे, चपलांच्या ढिगाशी जाऊन भिंतीला टेकले. पूर्वरंग संपला. रेणुकाताईंना बुक्का लागला, हार पडला, आणि ताईंची नजर फिरत फिरत चपलांपाशी थांबली.

"पाहा मंडळी! ज्याची लेक सातासमुद्रापार शिकते, ज्याचं गाऱ्हाणं देव ऐकतो, तो माणूस कुठे बसलाय पाहा! नम्रता शिकायला पोथी कशाला हवी?"

"ताई, तसं काही नाही हो…"

"आणि वर म्हणतात, तसं काही नाही!"

लोकांनी काशीरामांना दंडाला धरून पुढे आणलं. हौसाकाकी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होत्या. ताईंनी गळ्यातला हार काढून त्यांच्यापुढे धरला. शरमेने काशीरामांची मान खाली गेली, आणखी खाली गेली, आणि ती जितकी खाली गेली, तितका तो हार गळ्यात छान बसला.