टिकलीची लाथ आणि सुधारलेली नायिका

एका जंगलात शेळ्यांचा कळप राहत होता. जंगलात शेळ्या कशा, असं विचारू नका. कादंबरीत लांडग्याचं प्रेम चालतं तुम्हाला, मग शेळ्याही चालवून घ्या.

तर बाळांनो, शेळ्या दुपारी रवंथ करतात. तेव्हा तोंड गुंतलेलं असतं, कान मोकळे असतात. त्या मोकळ्या कानांसाठी बाभळीवरची साळुंकी रोज कादंबरी सांगायची. कादंबरी प्रेमाची. त्यात एक लांडगा होता, तो पौर्णिमेला बोकड व्हायचा. काळाभोर, उदास डोळ्यांचा. आणि त्याच्यावर एक पाठ भाळली होती. पाठ म्हणजे वयात आलेली कोवळी शेळी, तुमच्या ताईसारखी.

ही नायिका फार वाईट होती हो! आईशी खोटं बोलायची. थोरांना उलट उत्तर द्यायची. रागावली की लाथ झाडायची, घाबरली की रान डोक्यावर घ्यायची. आणि आपली शिंगं वाकडी म्हणून पाण्यात बघून रडायची.

कळपातल्या टिकलीचा तिच्यावर भारी जीव. टिकलीचीही शिंगं वाकडीच होती.

"आई, असा लांडगा खरंच असेल का गं?" टिकलीनं विचारलं.

"लांडगे आहेतच की," तिची आई कबरी म्हणाली. "पौर्णिमेचं मला ठाऊक नाही."

कळपाचा म्होरक्या होता दाढोबा बोकड. तो बाभळीकडे पाठ करून बसायचा, म्हणजे ऐकत नाही असं दिसावं. एक दिवस तो वळला.

"साळुंकीबाई, हे चालायचं नाही. आमच्या पोरी बिघडतील."

"मग लांडगा काढून टाकू?"

"अगंबाई, लांडगा कशाला?" थोरल्या शेळ्या एकदम ओरडल्या. कितीतरी जणींचा घास घशात अडकला.

"लांडग्याचं काही नाही," दाढोबा म्हणाला. "तो लांडगा आहे, त्याचा स्वभावच तो. दोष पोरीत आहेत. तिला सुधारा."

साळुंकीचं पोट शेळ्यांच्या अंगावरच्या गोचिडांवर चालायचं. तिनं लगेच नायिका सुधारली. नवी नायिका खोटं बोलेना, लाथ झाडेना. लांडगा समोर आला की मान खाली घालून विचारायची, "दमलात का?" थोरल्या शेळ्यांचे डोळे भरून यायचे. दाढोबानं हुकूम काढला, सगळ्या पोरींनी ही कथा रोज घोकावी.

"आधीची बरी होती," टिकली कुरकुरली.

"आधीची आईशी खोटं बोलायची," कबरी म्हणाली.

"हो, पण पळायची तरी!"

कबरीचा रवंथ तेवढा थांबला.

पौर्णिमेच्या दिवशी टिकलीनं आईला सांगितलं, बोरीचा पाला खाऊन येते. आणि निघाली थेट ओढ्याकडे. आता तुम्ही म्हणाल, किती मूर्ख! होतीच. तुम्ही त्या वयात फार शहाण्या असाल, तर पुढं ऐकू नका.

ओढ्यापाशी करवंदीच्या जाळीत लांडगा पडला होता. कादंबरीतल्याइतका देखणा नव्हता. पण डोळे उदास होते. उपाशी डोळेही उदासच दिसतात, हे टिकलीला कुणी सांगितलं नव्हतं.

"तुम्ही पौर्णिमेला बोकड होता ना?" तिनं विचारलं.

लांडग्यानं तिला खुरांपासून शिंगांपर्यंत पाहिलं. "होतो तर. चंद्र उगवू दे. तोवर बैस अशी जवळ."

"इतकी?"

"आणखी थोडी. शिंगं काय सुरेख आहेत गं तुझी!"

टिकली आणखी जवळ सरकली. तिनं घोकल्याप्रमाणे मान खाली घातली. "दमलात का?"

"फार," म्हणत लांडगा उठला.

मान खाली होती म्हणून टिकलीला त्याचे पाय दिसले. मागचे पाय उडीसाठी दुमडले होते. दमलेल्याचे पाय असे नसतात.

त्या क्षणी सुधारलेली नायिका तिच्या डोक्यातून पार निघून गेली.

"बाबा! इकडे या सगळे! हा इथं आहे!" ती लांडग्याच्या मागं बघून ओरडली. मागं कुणी नव्हतं. लांडगा वळला. टिकलीनं त्याच्या जबड्यावर लाथ हाणली. त्यानं झेप घेतली, तिचा कान त्याच्या दातांत आला. कान फाटला, टिकली सुटली. मग ती अशी किंचाळत पळाली, की झाडांवरची पाखरं उडाली.

कळपात पोचली तर पंचायत बसलेलीच.

"आईला खोटं सांगून गेलीस?" दाढोबानं विचारलं.

"हो."

"परपुरुषाशी बोललीस?"

"लांडग्याशी."

"तेच ते. लाथ मारलीस?"

"जबड्यावर."

"शी, शी! आणि वर बोंबलत आलीस. सगळ्या रानानं ऐकलं. कळपाची काही अब्रू?"

"पोरीचा कान फाटलाय," कबरी पुढं आली. "त्या लांडग्याला कोण जाब विचारणार?"

सगळे तिच्याकडे बघत राहिले.

"लांडग्याला?" दाढोबा म्हणाला. "त्याला काय विचारायचं? तो लांडगा आहे."

"उपाशी असेल बिचारा," एक थोरली शेळी उसासली. "जबडा फार दुखावला तर नाही ना गं?"

दाढोबानं दाढी हलवली. "खरं सांगू? त्यानं खाल्लं असतं, तर आज आपण सगळे हिच्यासाठी रडलो असतो. गुणाची पोर होती, म्हणालो असतो. जिवंत आली आणि सगळी पंचाईत केली."

शिक्षा ठरली. टिकलीनं यापुढं कळपाच्या शेवटी चालायचं. लांडगा येतो तो मागूनच, हे दाढोबाला चांगलं माहीत होतं.

सकाळी कळप निघाला. टिकली शेवटी. कबरी आपली जागा सोडून तिच्या शेजारी आली. मग पुढची एक पाठ रेंगाळली. तिच्या मागोमाग दुसरी. एकीच्या खुरात काटा गेला, एकीला अचानक तहान लागली.

"टिकलीताई," एकीनं हळूच विचारलं, "लाथ नेमकी कुठं मारायची गं?"

पुढं दाढोबा मान ताठ करून चालला होता. त्याच्यामागं थोरल्या शेळ्या तेवढ्या उरल्या होत्या.

तात्पर्य: मुलींनो, लांडग्याच्या तावडीतून जिवंत सुटणं हा फार मोठा अवगुण आहे. निर्दोष म्हणवून घ्यायचं असेल, तर आधी मुकाट्यानं खाल्लं जावं लागतं. ज्यांना तेवढं जमणार नाही, त्यांनी खुशाल शेवटी चालावं. तिथं सोबत बरी मिळते.