चाखणी विभाग

पुण्याहून व्यवस्थापन शिकून आलेल्या मगदूमांच्या अतिशय नावाच्या मुलाने सोमवारी सांगलीतल्या आपल्या मसाल्याच्या कारखान्यात भिंतीवर तक्ता लावला. माणसं सात, विभाग पाच. विभाग नीट पाडले की धंदा वाढतो, हे त्याने वडिलांना, भूपालअण्णांना, तासभर समजावलं. अण्णांनी महिनाभराची मुदत दिली. तेवढ्यात एक जरी जुनं गिऱ्हाईक तुटलं तरी तक्ता उतरवायचा, असं ठरलं.

सगळ्यांत कडक नजर आईची, म्हणून चाखणी विभाग राजमतीबाईंकडे गेला. वीस वर्षं मसाला चाखणाऱ्या आटपाडीच्या धोंडुबाई पॅकिंगला गेल्या. चाखणीच्या सहीशिवाय पोतं दाराबाहेर जायचं नाही, हा नियम.

गुरुवारी वाईच्या जुन्या दुकानदाराचा कांदा-लसूण मसाला तयार झाला. चारच्या टेम्पोने गेला नाही तर दुकानदार साताऱ्याहून माल उचलणार होता. राजमतीबाईंनी चमचा हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. मगदूमांचं घर जैन. घरात कांदा-लसूण शिजत नव्हता, आणि हे तक्ता काढताना कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"धोंडुबाई, जरा चाखा की," अतिशय म्हणाला.

"माझं खातं पिशव्यांचं, धाकलं मालक. तुमीच लिवलंय."

"मी सांगतोय ना."

"आवं, तुमी विक्रीत हाय. मला हुकूम अण्णांचा."

अण्णांना विचारलं, तर पॅकिंगवाल्याने चाखलेलं चालतं का, हे त्यांना तक्त्यात सापडेना. ते बाणांवरून बोट फिरवत राहिले. बोट दर वेळी राजमतीबाईंपाशीच येऊन थांबलं. बाहेर टेम्पोवाल्याने दुसऱ्यांदा हॉर्न दिला.

अतिशयने घाम पुसला, चिमूटभर मसाला तोंडात टाकला. "लसूण कच्चा राहिलाय."

राजमतीबाईंनी शांतपणे विचारलं, "भाजलेला कसा लागतो, ते तुला कुठं कळलं रं?"

लेकाची अडचण बघून अण्णा पुढे झाले आणि त्यांनीही चिमूट जिभेवर ठेवली. "काय बी सांगतोय. लसूण झ्याक भाजलाय. मीठ तेवढं कमी हाय, नेहमीपेक्षा..."

राजमतीबाईंनी आता अण्णांकडे वळून बघितलं.

धोंडुबाईंनी कुणाला न विचारता मीठ मिसळलं. राजमतीबाईंनी तक्त्यावरच्या आपल्या नावावर काट मारून तिथे बाप-लेकाची नावं लिहिली, दोघांच्या सह्या घेतल्या आणि पोती सोडली. वाईचं गिऱ्हाईक टिकलं. तक्ताही टिकला.

त्या दिवशी सूर्यास्ताआधीच्या जेवणाला चाखणी विभागाची पानं मात्र बाहेर, ओसरीवर मांडली होती.