समोर थांबू नका वो

सातपुते फिरणाऱ्या कुठल्याही वस्तूसमोर उभे राहत नाहीत. आमच्या घरी मिक्सर सुरू झाला, की ते चहाचा कप घेऊन दाराआड जातात. टेबल फॅनसमोरही तिरकेच बसतात, त्यामुळे उन्हाळ्यात त्यांचा घाम एकाच बाजूने वाळतो. "समोर थांबू नका वो," हे त्यांचं पालुपद.

माणूस मूळचा लातूरकडचा, चाकणला टूलरूममध्ये कामाला. आम्ही कंपनीच्या एकाच बसने जातो. ग्राइंडर, म्हणजे धार लावायचं दगडी चाक, सुरू केला की पहिलं मिनिट बाजूला थांबायचं, हा तिथला नियमच आहे. चाकाला तडा असेल तर ते तेवढ्यात फुटू शकतं. आम्ही बाकीचे हा नियम गेटवर ठेवून घरी येतो. सातपुते तो रहाटणीच्या घरापर्यंत आणतात.

कारण रहाटणीत, त्यांच्या मागच्या गॅलरीत, एक छोटा ग्राइंडर आहे. वहिनी त्यावर शिंप्यांच्या कात्र्यांना धार लावतात. वापरून वापरून चाक गुळगुळीत झालं, की धार लागत नाही, कात्री नुसती तापते. मग ड्रेसर नावाच्या हत्याराने चाकाचा वरचा थर खरवडावा लागतो. कंपनीतून मागून आणलेल्या ड्रेसरने हे काम सातपुते सुट्टीच्या दिवशी करायचे. एकदा वहिनी वैतागल्या. "गिऱ्हाईक परत चाललंय. आपला ड्रेसर आणून द्या, मी करते."

झालं, माणसाची झोप उडाली. आपण आणलेलं हत्यार बायको आपल्यामागे फिरत्या चाकाला लावणार!

शनिवारी ते मला सोबत घेऊन ड्रेसर आणायला निघाले. पिंपरीतल्या दुकानदाराने तीन प्रकार काढून ठेवले. दातेरी चकत्यांचा उचलून सातपुते म्हणाले, "ह्याला लई रेटावं लागतंय. हात घसरला म्हंजे?" दगडी कांडी पाहून, "बोटं चाकाजवळ जायलीत की वो." हिऱ्याच्या कणांचा, आडव्या पट्टीचा बराच वेळ हातात धरून, "हा बरा वाटायलाय. पण जास्त दाबला म्हंजे?"

"हळू दाबायला सांगा," मी म्हणालो.

"ती हळू काय करती? पोळी लाटताना पोळपाट पळतोय."

पुढच्या शनिवारी हेच. त्याच्या पुढच्याही. दुकानदार आम्हाला बघून आता फक्त चहा सांगायचा. शेवटी मी चिडलो. "अहो राव, कंपनीत डोळे झाकून निवडता की!"

"तिथं मी असतो."

हिऱ्याचा ड्रेसर घेऊन आम्ही निघालो.

रविवारी त्यांनी मला धीराला बोलावलं. वहिनींना चष्मा, तोंडाला मास्क. सातपुत्यांनी चाक ठोकून तड्याचा आवाज येतो का ते ऐकलं, बसवलं, बटण दाबलं आणि वहिनींना नि मला भिंतीशी उभं केलं. मिनिट सरलं. वहिनी खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी ड्रेसर टेकूवरून पुढे सरकवला. इतका हळू, की मीच बघत राहिलो. खर्रर्र आवाज, करडी धूळ.

सातपुते मात्र भिंतीशी नव्हते. ते खुर्चीला खेटून, थेट चाकासमोर उभे होते. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

"सातपुते, समोर थांबू नका!" मी ओरडलो.

"ती बसलीय न्हवं," ते म्हणाले.

एरवी मी हसलो असतो.

वहिनी मान वर न करता म्हणाल्या, "उजेड सोडा जरा."

ते चार बोटं सरकले. समोरून हटले नाहीत.