राबाचा भडका

नातीला एक इंग्रजी शब्द समजावून द्यायचा, एवढंच मी ठरवलं होतं. त्यासाठी सुनेची तीन महिन्यांची मेहनत आणि माझी चाळीस वर्षांची अब्रू एका काडीत जाईल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं. (हे माझी नात दक्षा लिहून घेते आहे. मध्येच हसते. अक्षर वाकडं आलं तर दोष तिचा.)

ती नववीत जाणार होती ते साल, म्हणजे दोन हजार अठराचा मे महिना. दक्षा आश्रमशाळेतून सुट्टीला आली ती गप्पगप्पच. आदल्या वर्षी तिला सगळ्या शाळेसमोर बोलायला उभं केलं होतं. पोरगी उभी राहिली, फ्रॉकची कड पिळत बसली, घंटा झाली तरी तोंडातून शब्द नाही. तेव्हापासून घरातसुद्धा मान हलवूनच उत्तर द्यायची, बोललीच तर माझ्याशी, तेही कुजबुजत. यंदा बाईंनी प्रत्येक मुलाला एकेक इंग्रजी शब्द दिला होता. त्याचे अर्थ सांगायचे, तो कसा वापरतात ते सांगायचं, जूनमध्ये, पुन्हा सगळ्यांसमोर.

मला म्हणाली, "आजी, या वेळी पण बोलता नाही आलं तर मी शाळेत परत जाणारच नाही."

मी शाळेची पायरी चढले नाही ते चढले नाही, हिने चढून उतरायचं म्हणजे काय?

"शब्द कोणता ते तर सांग."

"ब्लेझ."

पुस्तकात त्याचे चार अर्थ होते. गाय-घोड्याच्या कपाळावरचा पांढरा पट्टा म्हणजे ब्लेझ. मी म्हटलं, "ही काय दारात उभी आपली चांदी गाय!" झाडाची साल कोयत्याने सोलून वाटेची खूण करतात, तोही ब्लेझ. मी म्हटलं, "माझा बा जंगलात हेच करायचा." लख्ख उजेड म्हणजे ब्लेझ. तो तर मे महिन्यात दारातच पडलेला असतो. मला वाटायला लागलं, हा शब्द करणारा माणूस कधीतरी आमच्या डोंगराला येऊन गेला असेल.

"आणि पहिला अर्थ?"

"मोठ्ठा भडका." मग डोकं खाजवत म्हणाली, "आजी, पण भडका म्हणजे केवढा? मी कधी पाहिलाच नाही."

खरं होतं तिचं. कुठून पाहणार? तिची आजी मी!

हे जरा उलगडून सांगते. आमच्या तलासरीच्या डोंगरात भाताचं रोप टाकण्याआधी त्या तुकड्यावर राब भाजतात. खाली शेण, त्यावर फांद्या, त्यावर वाळका पाला, त्यावर गवत आणि सगळ्यांवर बारीक माती. हे जळलं की तणाचं बी मरतं आणि रोप जोमानं उठतं. पण खुबी असते ती काडी लावण्यात. वारा जिकडून येतो त्याच्या उलट टोकाला लावायची. मग आग वाऱ्याला तोंड देत बोटबोट सरकते. म्हातारा बिडी ओढतो तसा राब जळला पाहिजे. धूर दिसावा, जाळ दिसू नये. वाऱ्याच्या बाजूने लावलात तर भडका होतो. वरचं गवत भुर्रकन जातं, खालचं शेण तसंच राहतं आणि रोपापेक्षा तण जास्त.

चाळीस वर्षं आमच्या पाड्यात राब कुणाचाही असो, काडी माझ्या हातची. "जमनाकाकीच्या हातचा राब कधी भडकत नाही," असं लोक म्हणायचे. (मीही म्हणायचे. लोकांपेक्षा जरा जास्तच.)

त्या वर्षीचा राब माझी सून जिवली हिने एकटीने रचला होता. मुलगा चिमण डहाणूला मासेमारीच्या बोटीवर, तो पावसाच्या तोंडावरच येतो. होळीपासून जिवली डोक्यावरून शेणाच्या पाट्या आणि पाल्याचे भारे आणत होती. मान आखडली होती बिचारीची. सकाळी पाण्याला जाताना मला म्हणाली, "आई, वारा पडलाय, आता लावून घ्या. मी दोन हंडे भरून येते."

मी काडेपेटी घेतली. दक्षा मागे आली. आणि माझ्या डोक्यात ते आलं.

"दक्षा, तुला भडका बघायचाय ना? कोपऱ्यातला हातभर तुकडा वाऱ्याच्या बाजूने लावते. बघून झालं की विझवू. मग बाकीचा रीतसर."

"आई रागावेल."

"तुझ्या आईला राब भाजायला कुणी शिकवलं?"

"तू."

"मग?"

काडी लावली. जाळ उठला, वीतभर. दक्षा म्हणाली, "एवढाच?"

हे "एवढाच" मला लागलं. मी पदराने जराशी हवा घातली. त्याच वेळी पडलेला वारा उठला. समुद्राकडून आला म्हणा, नाहीतर माझी मस्ती उतरवायला आला म्हणा. हातभर तुकड्याने शेजारचा हात पकडला, त्याने त्याच्या शेजारचा. बघता बघता जाळ माझ्या डोक्याच्या वर! मी पाल्याच्या फांदीचा टाहाळा घेऊन झोडपायला लागले, तर टाहाळाच पेटला. आता मी पेटता टाहाळा घेऊन नाचते आहे आणि शेजारचा काळ्या बांधावरून विचारतो, "काकी, आज लग्न कुणाचं?"

मी ओरडायला तोंड उघडलं, तर नुसता खोकला. धूर गेला होता, वर लाज.

तेवढ्यात मागून असा आवाज आला, की झाडावरचे कावळे उठले.

"काळ्याकाका! हसतोस काय! तुझ्या पेंढ्याकडे चाललीय आग! फांद्या घे! पलीकडच्या हिराबाईला हाक मार! आई, हंडे इकडे, पळ, पळ!"

दक्षा! वर्षभर मान हलवणारी पोर! तीन पाडे गोळा झाले त्या आवाजावर. जिवली पाणंदीतून येत होती. मी तिच्या डोक्यावरचा हंडा तसाच उचलला आणि ओतला. घाईत निम्मं पाणी जिवलीवर. काळ्याचा पेंढा वाचला. आमचा राब वाचला नाही. वरचं सगळं काळं, खालचं शेण जसंच्या तसं.

जिवली भिजलेली उभी होती. मला वाटलं, आता बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. तिने रिकामा हंडा उचलला आणि पुन्हा पाण्याला गेली.

दुसऱ्या दिवसापासून पाट्या मी वाहिल्या. सत्तरीच्या वयात, आठ दिवस. जेवढं जमलं तेवढा निम्मा तुकडा पुन्हा भाजला, पहाटे, कुणी उठायच्या आत. (काळ्या उठलाच होता.) उरलेल्या निम्म्यात तण माजलं, ते मी बसून उपटलं. तेव्हा विचार करायला वेळ भरपूर मिळाला. पोरीला उजेड दाखवायचा होता, हे खरंच. पण तेवढंच? निम्मी हवा मी माझ्याच नावाला घालत होते. जिवलीच्या मानेचा विचार त्या काडीपाशी माझ्या मनात आलाच नव्हता. तीन महिने तिने वाहिलं आणि मिरवायला निघाले मी. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "हं." भात लावून झालं तरी तिचं "हं"च चाललं होतं.

जूनमध्ये दक्षा उभी राहिली. म्हणते, आधी पुन्हा तोंड बंद झालं. मग तिला पेटता टाहाळा घेतलेली मी दिसले आणि हसू फुटलं. हसू फुटलं तशी वाचाही फुटली. "माय ग्रँडमदर मेड अ ब्लेझ," इथून सुरुवात केली ती घंटा झाली तरी थांबली नाही. तिला पहिला नंबर मिळाला.

ऑगस्टमध्ये बक्षीस द्यायचा कार्यक्रम होता. मी आणि जिवली गेलो. जन्मात पहिल्यांदा मी शाळेची पायरी चढले, तर भिंतीवर मी आधीच होते. चार अर्थांची चार चित्रं होती, आणि पहिल्या चित्रात केस पिंजारलेली, जळती फांदी घेतलेली एक म्हातारी. खाली माझं नावसुद्धा.

बाई म्हणाल्या, "याच त्या आजी! आजचा दिवा यांच्याच हस्ते लावू."

सगळी शाळा बघते आहे. समईत पाच वाती, डोक्यावर पंखा गरगरतो आहे. एक काडी ओढली, विझली. दुसरी विझली. तिसरी, चौथी. ज्या हाताने एका काडीत अख्खा राब उडवला, त्याला बोटभर वात पेटवता येईना.

मागे जिवली उभी होती. मेपासून जिने माझ्याशी धड एक वाक्य टाकलं नव्हतं, ती भरल्या सभेत खणखणीत आवाजात म्हणाली,

"आई, वाऱ्याच्या बाजूने लावा की!"