विनूकाका आणि बाहेरून आलेल्या पेशी

आमच्या शेजारच्या विनूकाकांकडे कुणी गेलं की ते आधी पाणी देतात आणि मग तुमच्या गळ्याकडे टक लावून बघत बसतात. "हळू. एकच घोट. मान वर." दूधवाल्या भैयालाही त्यांनी सोडलं नाही. तो बिचारा म्हणाला, "चाचाजी, पानी में कुछ मिलाया है क्या?"

झाशीत खंडेराव गेटजवळ मराठी घरं आता मोजकीच उरलीत. त्यातल्या निम्म्या घरांत, काकांना लग्नाला बोलवावं की नाही, यावर खल होतो. मागच्या लग्नात त्यांनी नवरीला माळ घालायच्या आधीच मान वर करायला लावली आणि गळा तपासला. मी तर कपाळावर हात मारून घेतला!

काका इस्पितळाच्या लॅबमधून निवृत्त झाले. गाठींचे काप रंगवून काचपट्ट्यांवर बसवण्यात त्यांची हयात गेली. आणि त्यांचीच धाकटी बहीण सुधा गेली गळ्याच्या गाठीनं. साधा गलगंड समजून वर्षभर गोळ्या खाल्ल्या. निघाला थायरॉइडचा दुर्मीळ कर्करोग, तोही रक्तातून पुढच्या पिढीत उतरणारा. तेव्हापासून कुणी विचारो न विचारो, काका समजावत सुटतात, "थायरॉइडचे बहुतेक कर्करोग तिथल्या नेहमीच्या पेशींतून होतात. हा होतो सी-पेशींतून. त्या मूठभर असतात. गर्भातच बाहेरून येऊन ग्रंथीत बिऱ्हाड थाटतात. आपण कोकणातून झाशीत आलो ना, तशाच!"

काकांनी स्वतःचं रक्त सगळ्यांत आधी तपासलं. ते निर्दोष निघालं. आनंद राहिला बाजूला, उलट चिडले. "देवाचा नेम चुकला," म्हणाले.

मग वंशावळ काढून त्यांनी नातलगांना पत्रं धाडली की तपासून घ्या. पण आमच्या वंशावळी कशा असतात, ठाऊक आहे ना? नुसते मुलगे! सुधाची मुलगी मीनू जवळच्याच बबीन्याला, लष्कराच्या छावणीत, फौजी नवऱ्याबरोबर राहते. खरा धोका तिला, आणि पत्र गेलं नाही ते तिलाच. हे ध्यानात येताच काका धावत गेले, तर ती दारातच म्हणाली, "मामा, तुमच्या कागदावर मी नाहीच. मग तुमचा आजार मला कसा होईल?" आणि दार लावून घेतलं.

काकांनी त्याच दिवशी वंशावळीत लाल पेन्सिलीनं घराण्यातल्या सगळ्या लेकी भरल्या. मग दर रविवारी बबीन्याची बस. मीनू म्हणायची, "मुझे नहीं जानना! कळल्यावर मी जगू कशी?" काका म्हणायचे, "बाई, वेळेत कळलं तर ऑपरेशन करता येतं. तुझ्या आईला ती वेळच मिळाली नाही." सुरुवातीला उंबऱ्याबाहेरूनच परत, मग व्हरांड्यात खुर्ची, मग पोह्यांची बशी. भांडण मात्र दर रविवारी नव्यानं. सात महिने गेले, पण माणूस हटला नाही.

शेवटी मीनूनं रक्त दिलं. रिपोर्ट आला, दोष नाही! मी पेढे घेऊन धावले, तर काका रिपोर्ट मांडीवर ठेवून रडताहेत.

"अहो काका, आनंदाची गोष्ट ना ही?"

"हो गं. पण आता बबीन्याला जायला निमित्त काय?"

मी चिडलेच. "मामा आहात तुम्ही तिचे! मामाला निमित्त लागतं होय?"

"बहीण होती तोवर लागत नव्हतं," काका म्हणाले.